नवस सासूचा, पाय सुनेचे

"उद्या सकाळी तुला ग्रोतकडे जायचंय," दोरीवरची ओली दुपटी चाचपत गंगाबाई म्हणाल्या. "अनवाणी. मी नवस बोललेय."

सुनयनाच्या हातातला बाळाचा चमचा वाटीतच राहिला. क्युरपिप गावच्या मोठ्या रस्त्याला वळणावर काळ्या दगडांचा एक कोनाडा होता आणि आत मारियामातेची मूर्ती. तीच ग्रोत. तिथं कॅथलिक जात, हिंदूही जात. सुनयनाच्या मिशनीतली, मूर्ती न मानणारी ख्रिस्ती माणसं मात्र तिथून जाताना मान दुसरीकडे फिरवत.

"नवस तुम्ही बोललात ना, आई? मग तुम्हीच फेडा."

"माझ्या नावानं बोलले असते तर फेडला असता. पोर कुणाचं? तुझं. म्हणून तुझ्या नावानं बोलले."

"मला न विचारता?"

"पोराचा श्वास अडकला होता नि तू शाळेत. विचारायला काय वर्गात येऊ?"

"पण आमच्यात मूर्तीपुढं जात नाहीत हो!"

"मूर्ती कुणाची ती? तुझ्या येशूच्या आयशीची ना? मी काय परक्या देवाकडं गेले? आयस खूश तर पोर ऐकतंय. एवढं कॉलेज शिकलीस नि हे कळत नाही!" असं म्हणून गंगाबाईंनी कपाटातून मेणबत्ती काढली. मेणबत्ती कसली, अंगठ्याहून जाड मुसळीच होती. "ही लाबुझी. पुरी जळेस्तोवर तिथनं हलायचं नाही. नि घरातनं निघून घरात येईस्तोवर पायात काही घालायचं नाही."

बाप्तिस्मा घेऊन तिला आणि नवऱ्याला, देवानंदला, जेमतेम वर्ष झालं होतं. बाळाला सांभाळायला म्हणून लॉंग माउंटन गावातली आपली भाजीची वाडी शेजारणीवर टाकून गंगाबाई दोन महिने राहिल्या होत्या, आणि सोमवारी पहाटेच्या बसनं त्या परत जाणार होत्या. सोमवारपासून बाळाला पास्टर हरिलाल यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, सांभाळायचं ठरलं होतं. पुष्पाबाई फक्त मंडळीतल्या घरांची मुलं ठेवत. ती जागा गेली तर सुनयनाची शाळेतली नोकरी गेलीच म्हणायची.

आणि उद्या सभेत तिची साक्ष होती. बुधवारी मंडळीनं बाळासाठी प्रार्थना केली, गुरुवारी ताप उतरला, पास्टर म्हणाले, "बहिणी, प्रभूनं काय केलं ते रविवारी उभी राहून सांग." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: विश्वास हा रविवारी घालायचा कोट नव्हे, तो स्वयंपाकघरात दिसला पाहिजे, कचेरीत दिसला पाहिजे, बसच्या रांगेत दिसला पाहिजे. गेल्याच महिन्यात मंडळीत गाणारी बसंती याच ग्रोतपाशी दिसली, आणि पुढच्या रविवारी गाणाऱ्यांच्या रांगेत दिसली नाही.

"जा की," संध्याकाळी देवानंद वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. "पहाटे कोण बघतंय?"

"येशू बघतोय."

"तो कुणाला सांगणार नाही."

"चेष्टा सुचतेय तुम्हाला!"

"बरं, मग जाऊ नकोस."

"आणि याला काही झालं म्हणजे?"

देवानंदनं पान उलटलं. नेमका तेव्हाच पाळण्यात बाळ खोकलं. एकदाच, तेही बारीकसं. पण सुनयनाला तेवढं पुरे होतं. बाळाचे श्वास मोजण्याची तिला सवयच लागली होती; भात शिजताना मोजायची, वह्या तपासताना मोजायची. मोजता मोजता सगळी प्रार्थना, सगळं कॉलेज, सगळी पास्टरांची वाक्यं तिच्या मनातून पार वाहून गेली.

रविवारी उजाडता उजाडता ती निघाली. इथल्या हिवाळ्यातला जुलैचा गारठा, धुकं, आणि क्युरपिपचा तो न थांबणारा बारीक पाऊस. डांबरी रस्ता तळव्यांना चावत होता. ग्रोतपाशी चिटपाखरू नव्हतं. अकरा काड्या वाया गेल्यावर बाराव्या काडीनं वात धरली. मग तिनं छत्री मेणबत्तीवर धरली आणि स्वतः भिजत उभी राहिली.

सात वाजले. आठ वाजले. मेणबत्तीला कसलीच घाई नव्हती. कॅथलिक लोक चर्चला जाता जाता तिच्याकडे कौतुकानं बघत होते. सुनयना पदर नाकापर्यंत ओढून उभी होती.

"कोण, सुनयना?" मागून आवाज आला. "अगो बाई! तूपण?"

बसंती होती. तिच्या तोंडावर असा उजेड पडला होता, की मेणबत्ती फिकी वाटावी.

"कुणाला सांगू नकोस गो," सुनयना काकुळतीनं म्हणाली.

"मी कशाला सांगू? माझ्याशी बोलतंय कोण तिथं? तू तरी बोललीस का गेला महिनाभर?"

सुनयनानं मेणबत्तीवरची छत्री सावरली. "साडेनऊला माझी साक्ष आहे. तू जरा छत्री धरतेस? मी धावत जाऊन येते."

"नवस तुझा, मी कसा राखू? घे, माझ्या चपला घाल. पाय निळे पडलेत बघ."

"चालत नाही. घरी जाईस्तोवर अनवाणी."

"मग राहा उभी," बसंती म्हणाली. पण ती गेली नाही. तिनं आपली छत्री सुनयनाच्या डोक्यावर धरली आणि दोघी मेणबत्तीकडे बघत उभ्या राहिल्या.

मेणबत्ती पुरी जळली तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. घरी जाऊन यायला वेळच नव्हता. सुनयना तशीच पळत सुटली.

मिशनीची सभा लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या माडीवर भरे. सुनयना जिना चढून आत आली तेव्हा गाणं संपत होतं. देवानंद बाळाला घेऊन आधीच आला होता. बाळ पुष्पाबाईंच्या मांडीवर होतं. साठ माणसांनी वळून पाहिलं: साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, केसांतून पाणी गळतंय, पाय उघडे. तिनं तोंड उघडायच्या आत पास्टर हरिलाल यांनी दोन्ही हात वर केले.

"बघा!" ते म्हणाले. "बघा या बहिणीकडं! या पावसात, या थंडीत, प्रभूच्या घरात अनवाणी आली! मोशेला देवानं सांगितलं, पायतण काढ, ही भूमी पवित्र आहे. आपण मात्र बूट घालून बसलोय!"

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं वाकून बूट काढले. मग त्याच्या बायकोनं काढले. मग रांगच्या रांग वाकली. देवानंदनं तिच्याकडे एक हताश नजर टाकली आणि बुटाची नाडी सोडायला घेतली. शेवटी पास्टरही वाकले. त्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. जुलैच्या थंडगार सिमेंटवर साठ माणसं उघडे पाय टेकून बसली, आणि दोघीतिघी रडायलाच लागल्या.

"आता सांग, बहिणी," पास्टर म्हणाले.

गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. आमेन म्हणायचं आणि खाली बसायचं. सोमवार वाचला, नोकरी वाचली. सुनयनानं बाळाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली बसंतीची रिकामी खुर्ची तिला दिसली. महिनाभर तिथं कुणी बसलं नव्हतं.

"मी इथं यायला अनवाणी निघाले नव्हते," ती म्हणाली. "ग्रोतकडे गेले होते. नवस होता. बाळ कुणामुळं बरं झालं मला माहीत नाही. तुम्ही प्रार्थना केलीत, डॉक्टरनं औषध दिलं, सासूबाई नवस बोलल्या. मला भीती वाटली म्हणून मी गेले. बसंती गेली असेल तर तिलाही भीतीच वाटली असेल."

माडीवर खुडबुड सुरू झाली. मान वर न करता साठ माणसं आपापले बूट शोधत होती. एकाचा डावा दुसऱ्याकडे गेला होता, त्याची कुजबूज झाली. पास्टरांनी घसा साफ केला, बायबल उघडलं, मिटलं, आणि सगळ्यांना गाणं म्हणायला लावलं. गाणं फार रडवेलं झालं.

सुनयना भिंतीशी जाऊन उभी राहिली. मुख्याध्यापकांना राजीनामा कोणत्या शब्दांत लिहायचा, याचीच ती जुळवाजुळव करत होती. तेवढ्यात पुष्पाबाई बाळाला घेऊन तिच्याजवळ आल्या. चेहरा दगडासारखा. बाळ परत द्यायलाच आल्या, हे उघड होतं. सुनयनानं हात पुढे केले.

पुष्पाबाईंनी बाळ दिलं नाही. त्यांनी नवऱ्याकडे एकवार पाहिलं, आणि गाण्याचा आवाज चढेपर्यंत थांबल्या.

"मेणबत्ती पुरी जळली?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"शेवटपर्यंत? वाऱ्यानं विझली नाही ना?"

"नाही. उभी होते मी."

"बरं झालं," पुष्पाबाईंनी श्वास सोडला. "अर्धी टाकून आली असतीस, नि माझ्या घरात याला काही झालं असतं, तर जन्मभराचा बोल मला लागला असता. उद्या साडेसातला आण."