वासुदेवरावांचे तिसरे अपत्य

भारत हा कायद्याने चालणारा देश आहे. प्राध्यापक वासुदेवरावांनी हे वाक्य आपल्या नॉर्वेजियन भाडेकरूला ऐकवले, तेव्हा ते त्याच्याच सायकलीच्या कॅरियरवर बसले होते. सायकलीवर डबलसीटला बंदी होती आणि दिवाही नव्हता. चौकात शिपाई दिसताच वासुदेवराव टुणकन खाली उतरले आणि ओळखदेख नसल्यासारखे रस्त्याच्या कडेने चालू लागले. शिपाई मागे पडल्यावर पुन्हा चढून बसले आणि म्हणाले, "तर मी काय सांगत होतो? कायदा."

विषय रॉकेलचा होता.

ओलाफ १९८२ साली एका संस्थेत हातपंप दुरुस्ती शिकवायला वर्ध्याला आला आणि तिथल्या सिंदी मेघे वस्तीत वासुदेवरावांच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहू लागला. वर्षभरात तो मांडी घालून जेवू लागला, उन्हात डोक्याला ओला दुपट्टा बांधू लागला, आणि 'का रे'ऐवजी 'काऊन बे' कुणाला म्हणायचे व कुणाला म्हणायचे नाही, हेही त्याला समजू लागले. त्याचे सुख फार मोठे नव्हते. महिन्यातून एकदा नागपूरच्या मद्रासी दुकानातून कॉफी दळून आणायची, रोज सकाळी सहाला आपल्या स्टोव्हवर आपल्या हाताने काळी कॉफी करायची आणि कप घेऊन ओट्यावर बसायचे. समोरून तानबा गवळी म्हशी घेऊन जाई.

"कसं काय, सायेब?"

"बरं हाय, तानबाभाऊ."

एवढ्यावर दोघांचेही समाधान होई. पुढे दिवसभरात त्याला आठ ठिकाणी आठ चहा प्यावे लागत. दुधाचे, साखरेचे आणि आग्रहाचे. पी पी म्हणून कुणी मागे लागत नव्हते असा हा एकच कप होता.

संस्थेने दिलेला रॉकेलचा डबा मार्चमध्ये आटला. आणखी दोन वर्षे राहण्याचा करार टेबलावर पडला होता. ओलाफने त्यावर सही केली नाही. आधी कॉफीचे पाहू, मग दोन वर्षांचे, असे त्याने ठरवले. संस्थेने दोनदा आठवण पाठवली.

"रॉकेल कुठं भेटते?" त्याने वासुदेवरावांना विचारले होते.

"रेशन कार्डावर," वासुदेवराव गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही अर्ज करा. आपल्याकडे अर्ज केला की सगळं मिळतं."

कचेरीत पुरवठ्याच्या टेबलावर रूपराव नावाचे कारकून होते. अतिशय सज्जन माणूस. त्यांनी ओलाफला स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला, आणि पासपोर्टाचे प्रत्येक पान, कोरे असले तरी, वाचले.

"सारं बराबर हाय जी. फक्त एक कागद नाई. आधीच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला."

"माह्यापाशी आधी कार्डच नव्हतं."

"असं कसं? चौतीस वर्षं कुठंतरी जेवले नं तुमी?"

"आमच्या देशात रेशन नाई."

रूपरावांच्या डोळ्यांत दया आली. "अरेरे. इतका गरीब देश हाय?"

नियम साधा होता. आर्वीहून बदलून आलेला मास्तर असो की पुलगावहून आलेली नवी सून, जुन्या कार्डातून नाव कापल्याशिवाय ते नव्या कार्डात चढत नसे. मास्तरांना आणि सुनांना जे जमत होते ते एका इंजिनियरला का जमू नये, हा रूपरावांचा प्रश्न बिनतोड होता. ओलाफने आईला पत्र लिहिले.

दीड महिन्याने उत्तर आले. आईने गावच्या नगरपालिकेचे शिक्क्याचे पत्र जोडले होते. त्यात लिहिले होते की लढाईनंतर काही वर्षे आमच्याकडे रेशन होते, ओलाफचे नाव त्यात होते, आणि तो चार वर्षांचा असताना रेशन बंद झाले. ओलाफने त्याचे स्वतः भाषांतर केले. रूपरावांनी ते दोनदा वाचले. पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला आणि दुसऱ्यांदा उतरला.

"म्हंजे कार्ड होतं."

"होतं. पण रेशनच बंद झालं नं जी!"

"रेशन बंद झालं. तुमचं नाव कमी झालं, असं यात कुठं लिहून हाय?"

ओलाफने पत्र पुन्हा पाहिले. तसे खरोखरच कुठे लिहिलेले नव्हते.

"मंग नाव तिकडं चालूच हाय," रूपराव हळू आवाजात म्हणाले. "तीस वर्षांपासून. तिकडं साखर अन् इकडं रॉकेल, दोन्हीकडं कसं जमन, सायेब?"

ओलाफला क्षणभर अपराधी वाटले. प्रकरण वरच्या साहेबांकडे मार्गदर्शनासाठी गेले आणि 'नियमाप्रमाणे कार्यवाही करावी' असे मार्गदर्शन घेऊन परत आले. तोवर मे लागला होता. ओलाफने धीर करून शकुंतलाबाईंच्या स्वयंपाकघरात डोकावून पाहिले. या वासुदेवरावांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत शिकवत आणि घरी गॅसवर स्वयंपाक करत.

"गॅसवर ते काळं नोका उकळू, भाऊ. वासानंच माहं डोकं उठते. चहा घ्या नं!"

सकाळचा कपही आग्रहाचा झाला.

शेवटी रूपरावांनाच राहवले नाही. "ज्याचं जुनं कार्ड नसते असा माणूस एकच, सायेब. नवीन जन्मलेला," ते म्हणाले. "वासुदेवरावांच्या कार्डात अपत्य म्हणून चढवून टाकू. जन्म झालेला हाय नं? हाय. कागद हाय नं? पासपोर्ट हाय. तारीख जराशी जुनी हाय, इतकंच."

वासुदेवरावांनी दोन दिवस विचार केला. मग, हे खोटे नसून तांत्रिक आहे, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी प्रतिज्ञापत्र लिहून दिले: 'सदर अपत्याचे नाव चढवण्यास चौतीस वर्षांचा विलंब झाला, तो घरगुती अडचणींमुळे. तरी तो क्षमापित व्हावा.'

"चला, एक तरी गोरं निघालं," शकुंतलाबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी आरोग्य केंद्राच्या विमलाबाई नर्स लसींची पेटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. नव्या अपत्यांची यादी कचेरीतून त्यांच्याकडे जात असे.

"बाळ कुठं हाय?"

ओलाफ उघडाच, डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर आला. "मीच हावो."

विमलाबाईंनी त्याला खालून वर पाहिले, मग यादी पाहिली, आणि शकुंतलाबाईंकडे वळल्या. "काय बाई! शाळेत पोरींना 'दोन पुरे' म्हणून सांगता, अन् स्वतः या वयात तिसरं?"

"अवो, हे आमचे भाडेकरू हायेत!"

"ते मले नोका सांगू. यादीत नाव हाय, म्हंजे टोचणं हाय. त्रिगुणी लस तशीच परत नेली तर लेखी उत्तर मले द्या लागते."

ओलाफला टोचले. दोन दिवस त्याला ताप होता. लहान मुलांना येतोच, असे विमलाबाई जाताना सांगून गेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी तो कार्ड आणि रिकामा डबा घेऊन रेशनच्या दुकानात रांगेत उभा राहिला. दीड तासाने नंबर लागला. दुकानदार कवडूजींनी पान उलटले.

"याच्यावर तं गॅसचा शिक्का हाय. गॅसवाल्याले रॉकेल नाई, सायेब." मग ओलाफचा चेहरा पाहून म्हणाले, "अर्ध्या युनिटची साखर घेऊन जा. लेकराची."

घरी येऊन ओलाफने डबा वासुदेवरावांच्या पुढ्यात ठेवला. त्याचा हात अजून सुजलेला होता.

"तुमाले माहीत होतं?"

"अहो, गॅसवर रॉकेल नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही कार्डाच्या मागे होतात. इतक्या चिकाटीनं! आम्हाला वाटलं, कार्डच हवंय."

"अन् तुमचं आंघोळीचं पाणी रोज स्टोव्हवर तापते. ते रॉकेल कुठून येते?"

वासुदेवरावांनी दार लोटून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच संकोच दिसला.

"ते आमच्या भांडीवाल्या आनंदाबाईंच्या कार्डावरचं. गल्लीत सगळेच असं घेतात, ज्याची त्याची बाई ठरलेली आहे. पण परदेशी माणसाला हे कसं सांगायचं, तुम्हीच सांगा. देशाची इभ्रत असते." मग त्यांनी ओलाफच्या न सुजलेल्या खांद्यावर हात ठेवला. "आता तुम्ही घरचेच झालात. आता काय लपवायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मागच्या दाराशी पाच लिटरचा डबा भरून ठेवलेला होता. ओलाफने स्टोव्ह पेटवला, कॉफी केली आणि कप घेऊन ओट्यावर बसला. तानबाने कसं काय म्हणून विचारले. ओलाफने बरं हाय म्हणून सांगितले. कप संपल्यावर आत जाऊन त्याने करारावर सही केली. आता तो पुरता इथला झाला होता, याबद्दल गल्लीत दुमत नव्हते.

आनंदाबाईंचे कार्ड वासुदेवरावांच्या कपाटात असे, त्यामुळे ते कधी हरवले नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांत हीच पद्धत होती. तुमच्या गल्लीचे तुम्हाला ठाऊक. आनंदाबाईंच्या घरी स्वयंपाक वाळल्या पराटीवर, कापसाच्या काड्यांवर, होत असे.