व्हर्लने जोडलेलं फाटक

सोमवारी सकाळी आठला सरकारी रानात पहिलं चाक पडेल ते आपलंच, असं व्हर्ल हॅसेटने गावातल्या खानावळीत चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा तोंड उघडलं तेव्हा लोक बिलं देऊन उठले. पण राग खरा होता. बारा वर्षांपूर्वी अमेरिकेच्या केंद्र सरकारने युटा राज्यातलं ते अख्खं रान गाड्यांना आणि गुरांना बंद केलं. आतली कासवं मोजायची होती म्हणे. मोजायला बारा वर्षं! कासवंसुद्धा एवढी हळू चालत नाहीत. ज्या रानात बाप गुरं चारत म्हातारा झाला, त्याच्या बाहेर पोराने टोपी हातात धरून उभं राहायचं? नुसत्या आठवणीने व्हर्लच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

त्यात बायकोचे डोळे. नेड्राची नजर विरत चालली होती. थंडीपर्यंत जेमतेम टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आत सात मैलांवर, झऱ्याकाठी, तिच्या वडिलांचा मेंढ्यांचा तळ होता. तिथे ती लहानाची मोठी झाली. ‘एकदा दिसू दे,’ एवढंच ती म्हणायची. गुडघे धरलेल्या बाईने सात मैल चालायचं कसं, हे सरकारने कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं.

शेवटी हुकूम आला. सोमवारपासून रान सर्वांना खुलं.

आणि रविवारी, चर्चमध्ये, गाता गाता व्हर्लचा आवाज मधेच बंद पडला. त्याला आपलंच फाटक आठवलं.

सरकारी फाटकाच्या अलीकडे रस्ता त्याच्याच जमिनीतून जात होता. तिथे त्याचं स्वतःचं फाटक होतं. बंदी आली त्या वर्षी त्याने रागाच्या भरात ते वेल्डिंग करून कायमचं जोडून टाकलं होतं. सरकार मला सोडत नाही ना, मग मी सरकारला माझ्या जमिनीतून सोडत नाही! दोन्ही बाजूंना ट्रकाएवढे दगडही लोटले होते. गावाने टाळ्या वाजवल्या. सरकारी माणसं उत्तरेच्या रस्त्याने निमूट ये-जा करत राहिली.

"दुपारी जाऊन फाटक कापून येतो," तो नेड्राच्या कानात कुजबुजला.

"आज रविवार. कामाला हात लावायचा नाही."

"देव समजून घेईल गं."

"देव घेईल. तुझी बहीण मागच्या बाकावर बसलीय, ती नाही घेणार."

म्हणून सोमवारी सकाळी व्हर्ल गॅसकटर घेऊन फाटकाशी उभा राहिला, तेव्हा मागे सदतीस गाड्या ताटकळत होत्या. शिकारी होते, तंबूवाले होते, शहरातून धुरळा उडवायला आलेली फटफटीवाली पोरं होती. नेड्रा गाडीत बसून होती, मांडीवर बटाट्याच्या भाजीचं भांडं.

"व्हर्ल, गवत वाळून कोरडंठाक झालंय," शेजारी रुलन म्हणाला. "पाण्याची टाकी तरी आण आधी."

"बारा वर्षं थांबलोय. आता पाण्यासाठी थांबू?"

पाण्यासाठी थांबायला हवं होतं. तिसऱ्या ठिणगीला गवत पेटलं. रुलनने थर्मासमधलं लिंबाचं सरबत ओतलं, त्याचा आगीला काही फरक पडला नाही. कापणीला आलेलं चाळीस एकर गवत, तेही व्हर्लचं स्वतःचं, डोळ्यांदेखत पेटत गेलं. व्हर्ल टोपीने आग बडवत होता आणि प्रत्येक फटक्याला सरकारला एक शिवी हासडत होता. शेवटी टोपीही जळाली.

पलीकडे सरकारी फाटक उघडायला क्विंटाना नावाची अधिकारी आली होती. तिने बंबाची गाडी बोलावली. बंबवाल्यांनी व्हर्लच्या फाटकाला साखळी लावली आणि एका हिसक्यात ते उपटून काढलं. ते बघून तो आणखीच चिडला.

आग आटोक्यात आली, पण बंबातलं पाणी संपलं आणि जमीन अजून धुमसत होती.

"इथे जवळ पाणी कुठे?" चालकाने विचारलं.

"माझ्या वडिलांच्या झऱ्यावर," नेड्रा म्हणाली. "चला, दाखवते."

दोघांनी तिला हात देऊन बंबात बसवलं. व्हर्ल मागोमाग चढायला गेला, तर क्विंटाना आडवी आली. "हॅसेटकाका, आग तुमच्या हातून लागलीय. कागद भरल्याशिवाय हलायचं नाही."

अशा रीतीने रानात पहिलं चाक पडलं ते सरकारचं, आणि व्हर्लची बायको त्यात बसून गेली. व्हर्ल गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून दात-ओठ खात लिहीत बसला.

तासाभराने नेड्रा परतली. गाल ओले होते.

"दिसलं?" व्हर्लने विचारलं.

"सगळं दिसलं. झरा काठोकाठ भरलाय रे. मी लहान होते तेव्हासुद्धा एवढा नव्हता. आणि गवत..." तिने गुडघ्यावर हात ठेवला. "इथपर्यंत. निळी फुलं सुद्धा आलीत. बारा वर्षं कोणी तुडवलंच नाही ना."

तेवढ्यात फटफटीवाली पोरं शेजारून धुरळा उडवत आत घुसली. व्हर्लचा संताप उसळला.

"अडवा त्यांना!" तो क्विंटानावर ओरडला. "नासून टाकतील सगळं!"

"कसं अडवू? रान सर्वांना खुलंय," ती कागद घडी करत म्हणाली. "चराईचे परवानेही आजपासून सुरू. तुमची गुरं कधी आणताय, काका?"

व्हर्लची नजर नेड्राच्या गुडघ्यावरच्या हाताकडे गेली.

"सांग ना तिला," नेड्रा म्हणाली.