पालकाकूंचं जेवण आणि खारीची ढोली

बाळांनो, साक्षीदार भरल्या तोंडाचा बरा, की रिकाम्या तोंडाचा? घाई नको. आधी ऐका.

एका जंगलात न्यायाची सोपी पद्धत होती. कुणी बोलत असताना पाल चुकचुकली, की तो खरा. मग पंच खूर आपटून म्हणायचे, "सत्य आहे!" हसू नका. तुमच्या घरीही जमिनीवर बोटं आपटतातच.

पालकाकू वडाच्या खोडावर राहायच्या. दिवसभर झोप, रात्री जेवण. म्हणून पंचायतही रात्रीच भरायची.

एकदा पिंगळ्यानं खारीच्या ढोलीवर दावा लावला. आत खारीची तीन पिलं होती, अजून डोळेही न उघडलेली.

गवा सरपंच होता. "बोला पिंगळोबा," तो म्हणाला.

पिंगळ्याला अंधारात छान दिसतं. त्याला दिवा कशाला? "ढोली माझ्या आजोबांची," तो म्हणाला.

"चुक् चुक् चुक्!"

अंधारात काकूंना एकही किडा मिळाला नव्हता. रिकामं तोंड गप्प कसं बसणार?

"सत्य आहे!" खूर आपटले.

खार पडली दिवसाची बाई. तिनं करंजेलाची पणती आणली. "सरपंचदादा, उजेडात बघा. आतला कापूस मी अंथरलाय. कडा मी कुरतडल्यात."

पणतीवर पतंग जमले. काकूंनी झडप घातली. एक गेला, दुसरा गेला, तिसरा पंखांसकट गेला.

"पिलं इथंच जन्मली हो!"

काकू गप्प. आमच्या भुसार दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडात शेंगदाणे असले, की ते भाव करत नाही. तसंच हे.

"काकू, बोला की! पिलांना घेऊन मी कुठं जाऊ?"

"मम्," काकू म्हणाल्या. एक पंख ओठाबाहेर लोंबत होता.

"मम् म्हणजे साक्ष नव्हे," पिंगळा म्हणाला.

गव्यानं मान डोलावली. "खारीनं उजाडायच्या आत ढोली सोडावी. न्याय झाला!"

तेवढ्यात काकूंनी शेवटचा घास गिळला. ओठ चाटले.

"चुक् चुक् चुक्!"

"सत्य आहे!" सारी सभा गरजली.

खारीनं पहिलं पिलू तोंडात धरलं. आता तिचंही तोंड भरलं होतं. तिला काही बोलता आलं नाही.

तात्पर्य: खऱ्यानं उजेड आणू नये. साक्षीदाराच्या जेवणाची वेळ तेवढी विचारून यावं. आणि बाळांनो, आपल्या भिंतीवरची पाल कुणाच्या दिव्याखाली किती किडे खाते, एवढा हिशेब मात्र प्रामाणिकपणे ठेवा.