काळ्या जमिनीची वामकुक्षी

वर्गात टिपणे कशी घ्यावीत, हे मी कोणालाही शिकवू शकेन! शिक्षकांचे प्रत्येक वाक्य उतरवणारा विद्यार्थी म्हणजे निव्वळ टीपकागद. माझी पद्धत निराळी होती. समासात शीर्षक, उजवीकडे विधान, विधानाखाली कारण. कारण नसेल तर प्रश्नचिन्ह! राहुरीकडच्या आमच्या शेती विद्यालयात, एकाहत्तर साली, माझ्याइतकी देखणी वही दुसऱ्या कोणाची नव्हती. हे मी निरीक्षणाने सांगतो आहे, अभिमानाने नव्हे.

म्हणूनच गहिनीनाथ माझ्याकडे आला. तिसगावचा हा माझा वसतिगृहातला सोबती कावीळ होऊन घरी पडून होता. तो तोंडी परीक्षेच्या आधी परतला, तो हळकुंडासारखा होऊन!

"तुझी वही दे, गड्या. मृदाशास्त्रात आपटलो तर शाळा बंद. वडील म्हनले, एक बैल इकून टाकू, त्याच्या जागी जुपाया हा हायच की!"

"खुशाल घे," मी म्हणालो. "तीत सरांचे विवेचन आहे. निःशंक पाठ कर."

निःशंक! हा शब्द मी वापरला!

मृदाशास्त्र शिकवत देहाडराय सर, जेवणानंतरच्या तासाला, आणि तेही डोळे मिटून. त्यांचा आवाज पाटाच्या पाण्यासारखा संथ वाहत राही. खिडकीबाहेर ऊस सळसळे. कारखान्याकडून मळीचा गोडसर वास येई, आणि सारा वर्ग बाकांसकट जमिनीवरून अलगद उचलला जाऊन तरंगू लागे. (वर्ग तरंगत नाही, याची मला कल्पना आहे.)

परीक्षेच्या दिवशी गहिनीनाथ दालनाबाहेरच्या लिंबाखाली डुलत डुलत घोकत होता.

"काळी जमीन दुपारी निजते. निजलेल्या जमिनीस पाणी देऊ नये. ती दचकते आणि अर्धेच पाणी पिते."

"हे काय आहे?" मी विचारले.

"तुझ्याच वहीतलं! शीर्षक हाय, कारन हाय. लई ग्वाड लिवलंय."

मी वही हिसकावली. अक्षर माझेच! शीर्षकाखाली पट्टी धरून रेघ मारलेली, आणि प्रश्नचिन्ह कोठेही नाही! मग आठवले. त्या दुपारी मी एक शेत पाहिले होते. ते कुशीवर वळून शांत निजले होते, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून पाटाचे पाणी वहाणा हातात घेऊन बांधाबांधाने चालले होते. मी निजलो होतो. पद्धत मात्र जागी राहिली होती!

"गहिनीनाथ, हे सर बोललेच नाहीत. हे मला स्वप्नात दिसले!"

त्याने माझ्याकडे टक लावून पाहिले. "परीक्षेच्या दारात दोस्ताला फशी पाडतो व्हय? मला जास्ती मार्क पडतील म्हून पोटात दुखाया लागलं का?"

"अरे, शास्त्रीय दृष्ट्या..."

"ऱ्हाऊ दे तुझं शास्त्र! माझं शिक्षान टांगनीला लागलंय हितं!"

तेवढ्यात आमची जोडी आत बोलावली गेली. सरांनी डोळे मिटूनच विचारले, "काळ्या जमिनीला पाणी देताना कोणती काळजी घ्याल?"

गहिनीनाथने छाती भरून सगळे म्हणून दाखवले. सरांचे डोळे उघडले! ते उघडे मी प्रथमच पाहत होतो.

"हे तुम्हांला कोणी सांगितले?"

"आपुनच, सर, वर्गात!"

"सर, यात त्याचा दोष नाही," मी घाईने म्हणालो. "आपण हे बोललाच नव्हता. ही चूक माझी आहे."

"मी बोललो नव्हतो, हे तुम्ही खात्रीने सांगता?"

"होय, सर."

"त्या वेळी तुम्ही जागे होता?"

मी सत्याचा उपासक! "नाही, सर."

"मग मी काय बोललो, हे तुम्हांला कसे कळावे?"

तर्कात कोठेही फट नव्हती! गहिनीनाथने लगबगीने वही पुढे केली. सर वाचू लागले. त्यांचा चेहरा हळूहळू सायीसारखा मऊ झाला.

"निजलेली जमीन दचकते..." ते खिडकीबाहेर पाहत पुटपुटले. "वा! मी असे बोललो? बोललो असेन. त्या तासाला माझी तंद्री लागते खरी." मग गहिनीनाथकडे वळून म्हणाले, "उत्तम. पास!"

गहिनीनाथ तेथेच त्यांच्या पाया पडला.

नंतर तोच प्रश्न मला. मी पोत, ओलावा, निचरा, सारे क्रमाने सांगितले. ग्रंथातही इतके नेटके नसेल!

"अपुरे," सर म्हणाले. "जमिनीच्या विश्रांतीचा उल्लेखही नाही. वर्गात लक्ष देत चला. पुन्हा या."

गहिनीनाथ पेढे घेऊन तिसगावच्या एस.टी.त बसला. मी फेरपरीक्षेला बसलो. तत्त्वे बाजूला ठेवून निजलेली जमीन, तिचे दचकणे, अर्धे पाणी, सगळे शब्दशः म्हटले. सरांनी तृप्त होऊन मान डोलावली.

"छान! आता एवढेच सांगा, ही जमीन जागी केव्हा होते?"

ते मला कसे ठाऊक असणार? त्या दुपारी, ती जागी होण्याआधीच, तास संपल्याच्या घंटेने मला जागे केले होते!