मनोहरकाकांचा मावा

शनिवारी सकाळी नऊ वाजता अकरा काकूंवर अन्याय झाला, असं अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यूच्या मराठी ग्रुपवर चाललंय. साफ खोटं. अन्याय झाला तो मनोहरकाकांवर, आणि तोही आधीच्या सोमवारी, सकाळी सव्वादहाला. मॅनेजरने त्यांच्या हातात फवारणीचा कागद ठेवला तेव्हा.

मनोहरकाका किड्यांना अहोजाहो करतात आणि मॅनेजरला अरेतुरे. "सरका हो जरा, खणायचंय," हे गांडुळाला. "ए ब्रायन, तुला कळत नाही, तू गप्प बस," हे इस्टेटच्या मॅनेजरला, मराठीतून. ब्रायन हसून "थँक यू" म्हणतो.

इस्टेट वाइनची, बेलव्ह्यूपासून अर्ध्या तासावर. द्राक्षमळ्याला लागून शंभर वर्षांपूर्वीची गुलाबाची बाग. निवृत्त इंजिनिअर असलेले काका तिथे फुकट राबतात. माझी ओळख झाली ती फाटकावर. मी विषारी फवारणीविरुद्ध पत्रकं वाटत होते. काकांनी पत्रकावरचं चित्र उलटसुलट पाहिलं.

"ही मधमाशी नाही, साधी माशी आहे. आधी ओळख, मग आंदोलन!"

पाचशे प्रती छापल्या होत्या मी.

तर सोमवारचं प्रकरण. बागेत लग्न झालं, नवरीच्या पांढऱ्या झग्याला गुलाबावरचे हिरवे किडे चिकटले, फोटो बिघडले. ब्रायनने ठरवलं, शनिवारपर्यंत किडे हटले नाहीत तर सरसकट फवारणी. म्हणजे किडे मरणार, आणि ते किडे खाऊन बाग सांभाळणारे ढालकिडे, म्हणजे लेडीबग, तेही मरणार. त्या रात्री काकांनी ग्रुपवर लिहिलं: "बागेत भरपूर मावा आलाय. ताजा. फुकट. शनिवारी नऊला डबे घेऊन या."

मी अकोल्याची. मला मावा म्हणजे पिकावरची कीड, हे लगेच कळलं. ज्यांना कळलं नाही त्या अकरा काकू स्टीलचे डबे घेऊन हजर! सोबत दोन काकाही होते. त्यांनी डबे आणले नव्हते. एकाने मनोहरकाकांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सुपारी कातरलेलीच आहे ना?"

सुलभाकाकूंचा डबा सर्वांत मोठा. "कुठाय मावा?"

काकांनी गुलाबाची फांदी वाकवून दाखवली. शेंड्यावर किड्यांचा हिरवा थर.

"अहो, हे किडे आहेत!"

"मावाच तो. खोटं कुठे बोललो?"

"मनोहरराव, मी चाळीस माणसांना गुलाबजाम कबूल करून बसलेय! यात काय किडे तळू?"

सात काकू तिथूनच परत फिरल्या. पार्किंगमध्ये उभ्या राहूनच त्यांनी ग्रुपवर निषेध टाइप केला. सुपारीवाले काका तर केव्हाच गायब झाले होते. सुलभाकाकूही निघाल्या होत्या, पण मनोहरकाका त्यांच्यापुढे फांदी धरून म्हणाले, "जाण्याआधी यांना भेटा." पानावर एक काळी, काटेरी, भयंकर कुरूप अळी मावा मटकावत होती. ढालकिड्याचं पिल्लू.

काकू वाकल्या. बघतच राहिल्या.

"किती खाते हो ही!"

"सकाळपासून थांबल्या नाहीयेत."

"तरी बघा, अंगाला काही लागत नाही हिच्या." काकूंनी ओढणी कमरेला खोचली. "सांगा, काय करायचं?"

डब्यांत साबणाचं पाणी भरलं. जुन्या टूथब्रशने मावा त्यात झाडायचा, अळ्यांना धक्का लावायचा नाही. चार काकू, काका आणि मी. दुपारी ब्रायन आला तेव्हा अर्धी बाग स्वच्छ झाली होती. डबे घेऊन उभ्या असलेल्या काकूंकडे बघून तो गोंधळला. "येत्या शनिवारपर्यंत थांबतो," म्हणाला. "उरलेली अर्धी नाही झाली तर फवारणी."

सगळ्या गेल्यावर मी काकांना धारेवर धरलं. "काका, मुद्दाम लिहिलंत ना तसं? सरळ इंग्रजीत एफिड लिहिता आलं असतं."

"तीन वर्षं एफिडच लिहीत होतो, अगं. एकदा एकाने लाइकचा अंगठा टाकला. नंतर म्हणाला, चुकून लागला." त्यांचा आवाज घोगरा येत होता. मी पाणी दिलं. ते ओशाळून हसले. "घसा बसला. घरी मुलगा कामात, नातवंडं इंग्लिशमध्ये. इतकं मराठी एका दिवसात किती दिवसांनी बोललो कोण जाणे. समोरून उत्तर येतं म्हटल्यावर माणूस वाहवतो."

मग ते उठले आणि एका पानावरच्या अळीला म्हणाले, "दमल्या असाल. बसा."

अर्धी बाग बाकी आहे. निषेध पुरे झाले. येत्या शनिवारी सकाळी नऊला या. गुलाबजाम मिळणार नाहीत, सुपारी नाही, सावलीही फारशी नाही. आलात की ब्रश उचलायच्या आधी काकांना एखादा प्रश्न विचारा, मराठीत. आणि उत्तर कितीही लांबलं तरी घड्याळ बघू नका.