लोकसुख खात्याचा हुकूम

शनिवारी दुपारी गेड ऑर्मरॉडनं हॅदरशॉ गावच्या वाचनालयाच्या दारावर हुकूम चिकटवला, मागं सरून तो वाचला आणि स्वतःवरच खूश झाला. ‘लोकसुख खात्याच्या आज्ञेवरून: नागरिकांनी भिंतीलगत रांगेत उभं राहावं. दार वाजवू नये. बोलावल्याशिवाय आत येऊ नये. कारण विचारणाऱ्यास चहा मिळणार नाही.’ असलं खातं जगात नव्हतं, पण खाली त्याचा शिक्का मात्र होता. तो गेडनं बटाटा कोरून उमटवला होता.

आज त्याचं व्याख्यान होतं, भयाण भविष्याच्या कादंबऱ्यांची ओळख करून देणारं. गेडच्या मते असली कादंबरी समजावून सांगून कळत नाही, ती अंगावर यावी लागते. लोक येतील, हुकूम वाचतील, कुणीतरी भडकेल, दार ढकलून आत घुसेल आणि विचारेल, हा काय चावटपणा आहे? मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेड म्हणणार होता, मंडळी, हाच आपला नायक.

पंधराव्या वर्षी शाळेला रामराम ठोकलेल्या या माणसानं जन्मभर बस हाकली. जे काय शिकला ते याच वाचनालयात, ओल्या कोटाचा वास घेत. आता गावाचा कारभार बघणारी कौन्सिल ते बंद करायला निघाली होती. म्हणे, तिथं कुणी फिरकतच नाही. गेडनं कौन्सिलला शिव्या घातल्या, पण त्याहून जास्त गावाला घातल्या. मेंढरं आहात, असं तो दुकानात, चर्चमध्ये, एका मयतालासुद्धा बोलून आला होता. आज कौन्सिलच्या मिसेस लाँगस्टाफ स्वतः पाहायला येणार होत्या. खोली भरली तर वाचनालय वाचणार, नाहीतर कुलूप.

बाई मागच्या दारानं आल्या, कारण गाडी लावायची जागा मागं होती. आत नुसत्या खुर्च्या मांडलेल्या. खिडक्या पार छताजवळ, त्यातून फक्त राखाडी आभाळ दिसत होतं.

“सुरू कधी होतं?” बाईंनी कोट न काढताच विचारलं.

“लोक आले की.”

“आणि नाही आले तर?”

गेडनं सरळच असलेली एक खुर्ची पुन्हा सरळ केली. बाहेर चिटपाखरूही नसावं इतकी शांतता होती. वेळ काढायचा म्हणून बाईंनी विचारलं, या कादंबऱ्यांमध्ये असतं तरी काय? एवढं विचारायचा अवकाश, गेड सुटला. आजचंच काहीतरी घ्यायचं आणि ते ताणत न्यायचं, त्यानं सांगितलं. उदाहरणार्थ वाचनालयं बंद करणारी कौन्सिल. अजून ताणलं की पुस्तकं बंद, मग बोलणं बंद, मग आठवणी बंद. आणि हे सगळं तुमच्याच भल्यासाठी, हसतमुखानं. या कादंबऱ्यांतला राक्षस कधी ओरडत नाही बाई, तो फार सभ्य असतो. मग एक दिवस एकच माणूस विचारतो, का? तिथून गोष्ट सुरू होते.

“आणि तुमच्या गावात तो एकही दिसत नाही,” बाई खुर्च्यांकडे बघून म्हणाल्या. त्या मुळीच ओरडल्या नाहीत.

तेवढ्यात ग्रंथपाल पर्ल दूध घेऊन मागच्या दारानं आली. चिंब भिजलेली आणि संतापलेली.

“गेड, बाहेर रांग पार मासे तळणाऱ्याच्या दुकानापर्यंत गेलीय. मी पुढच्या दारानं आत शिरायला गेले तर मलाच म्हणतात, शेवटी उभ्या राहा. अरे, माझ्याकडे किल्ली आहे.”

गेडनं पुढचं दार उघडलं. रिमझिमीत अख्खी भिंत माणसांनी झाकली होती. छत्र्या, काठ्या, चाकाच्या खुर्च्या, एक कंटाळलेला कुत्रा. शेपटाकडच्यांना रांग कशाची तेही ठाऊक नव्हतं. इतकी माणसं उभी आहेत म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, एवढ्यावर ते उभे होते.

“एकालाही विचारावंसं वाटलं नाही, का म्हणून?” गेडचा आवाज चढला.

“विचारलं तर चहा नाही असं लिहिलंय ना,” सर्वांत पुढं उभी असलेली ऑलिव्ह सग्डन शांतपणे म्हणाली. बेकरीत आयुष्य घालवलेली बाई, तिला घाई ठाऊक नव्हती.

मिसेस लाँगस्टाफ गेडच्या मागून बाहेर आल्या. हे सगळे वाचनालयासाठी? त्यांनी विचारलं. दर शनिवारी असंच असतं, ऑलिव्हनं डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं. बाईंना खरं वाटेना. त्या रांगेच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि तिथून परत पुढं यायला लागल्या, तेव्हा एका म्हाताऱ्यानं टोपी काढून अदबीनं सांगितलं की आम्हीही भिजतोच आहोत. कौन्सिलच्या बाई निमूटपणे शेवटी उभ्या राहिल्या.

त्या आत पोचल्या तेव्हा खुर्ची शिल्लक नव्हती. भिंतीला टेकून त्यांनी व्याख्यान ऐकलं, चहा प्यायला, आणि जाताना गेडला म्हणाल्या, “हे बंद करायचं तर या सगळ्यांना तोंड द्यावं लागेल. माझ्या हातून तरी ते होणार नाही.”

गाडी वळून गेली आणि गेड ऑलिव्हकडे वळला. वाचनालय वाचलं होतं, पण मेंढरांमुळे वाचलं याचा त्याला जाच होत होता.

“बटाट्याच्या शिक्क्याला घाबरलात गं तुम्ही!”

“बटाटा ओळखतो रे आम्ही. तुझं अक्षरही ओळखतो.” ऑलिव्हनं कप खाली ठेवला. “कौन्सिलची गाडी मागं वळताना पाहिली मी. मीच म्हटलं, कुणी आत जायचं नाही. आपण खोलीत बसलो तर चार टाळकी दिसतो. भिंतीला लागून भिजत उभे राहिलो की गाव दिसतं.”

आभार मानायची गेडला सवय नव्हती. जन्मात त्यानं आभार मानले ते बसच्या इंजिनाचे, तेही चढावर. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती, कोटांतून वाफ निघत होती.

“तुम्ही सगळ्यांनी...” तो म्हणाला. “मी तुमचा फार ऋणी आहे. मयताला जे बोललो तेही परत घेतो.”

“असू दे रे बाबा,” ऑलिव्ह म्हणाली. “एक सांग. तुझ्या त्या पुस्तकांत शेवटी कोण जिंकतं?”

“बहुतेक वेळा सरकारच.”

ऑलिव्हनं कप पुन्हा उचलला.

“मग तिथल्या लोकांना धड रांग लावता येत नसेल.”