मंगळवारी सव्वानऊचा हाऊसफुल्ल खेळ

या जगात मागणी असल्याशिवाय काहीही येत नाही. (अपवाद: मुरुमं, पाहुणे आणि घटक चाचणी.) हा निसर्गनियम आहे, आणि आमच्या गावातलं एकुलतं एक थिएटर निसर्गनियमांच्या बाबतीत फार काटेकोर आहे. तिथे खुर्च्या दोनशे बारा, पंखे सोळा, त्यांतले फिरणारे नऊ आणि दिवसाला खेळ चार. गेले सात आठवडे चारही खेळांना एकच सिनेमा चालू आहे. त्यात नायक एका लाथेत चौदा माणसं उडवतो. पहिल्या आठवड्यात मी तो पाहिला तेव्हा चौदा उडाली होती. सातव्या आठवड्यातही चौदाच उडतात. याला सातत्य म्हणतात, आणि थिएटरच्या मॅनेजरकाकांची सातत्यावर फार श्रद्धा आहे.

माझं या थिएटरशी वैर नाही, मी त्याची चाहतीच आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

प्रकरण माझ्या आत्याचं आहे. तिचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, एक मशीन, एक इस्त्री आणि एक आरसा. (आरशात सगळे थोडे बारीक दिसतात, त्यामुळे गिऱ्हाईक टिकून आहे.) दोन वर्षांपूर्वी एक किडकिडीत दिग्दर्शकताई दोन उसने कॅमेरे आणि चार मित्र घेऊन तिथे शिरली. तिला कपडे उसवून पुन्हा शिवणाऱ्या एका बाईवर सिनेमा करायचा होता. त्यासाठी तिने शहरातून एक अभिनेत्री आणली होती. अभिनेत्रीचा चेहरा बोलका होता, पण पाय मुके होते. तिने पायडल दाबलं की मशीन उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. तिला शिकवायला म्हणून आत्याला शेजारी बसवलं. तिसऱ्या दिवशी अभिनेत्री परत गेली आणि आत्या तिच्या जागेवर बसली. एक तास चौतीस मिनिटांच्या सिनेमात आत्या एक तास अकरा मिनिटं आहे.

सिनेमा पुढे नऊ देशांत लागला. एका देशात परीक्षक रडले. दुसऱ्या देशातल्या पेपरात नुसत्या आत्याच्या हातांवर अर्धं पान छापून आलं. आमच्या भूगोलाच्या नकाशात नसलेल्या एका बेटावर तर तो दोनदा दाखवला, कारण पहिल्यांदा पाऊस पडला. फक्त आत्याच्या दुकानापासून तीनशे ऐंशी पावलांवर (मी मोजली आहेत) असलेल्या थिएटरात तो लागला नाही. त्यामुळे तो आत्याने पाहिलेला नव्हता.

दिग्दर्शकताईने लिंक पाठवली होती. मी लॅपटॉप लावूनही ठेवला. आत्याने तो मिटला.

"ताटलीएवढ्या पडद्यावर नाही बघायचं मला."

"अगं आत्या, पण दिसतं सगळं!"

"त्या थेटरातल्या दोनशे बारा खुर्च्यांची कव्हरं कोणी शिवली? मी. पडद्याच्या बाजूची मखमल कोणी शिवली? मी. लोकांनी माझ्या शिवणीवर बसून चौदा माणसं उडताना बघायची आणि मी स्वतःला लॅपटॉपवर? तिथे लागला तर बघेन. नाहीतर राहिलं."

आत्या 'राहिलं' म्हणते तेव्हा कापड कापून झालेलं असतं. मी तडक मॅनेजरकाकांकडे गेले.

मॅनेजरकाकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कार्यपद्धती समजावून सांगितली. सिनेमा लावायचा तर मागणी हवी. मागणी सिद्ध करायची तर तशाच सिनेमाच्या मागच्या खेळाचे आकडे हवेत. आणि मागचा खेळ झालेला नाही, कारण मागणी नव्हती. इतकं निर्दोष वर्तुळ मला भूमितीत कंपास घेऊनही कधी जमलेलं नाही.

"लोकांना असलं नको असतं गं पोरी," ते मायेने म्हणाले.

"तुम्ही विचारलं त्यांना?"

"विचारायचं कशाला? ते मागतच नाहीत."

"काका, गणिताचा तास मीसुद्धा कधी मागितलेला नाही. तरी रोज येतो."

यावर काकांनी पंख्याकडे पाहिलं. (तो न फिरणाऱ्यांपैकी होता.) मग मला कटवायला म्हणून ते म्हणाले, "बरं, असं कर. दोनशे बाराच्या दोनशे बारा तिकिटं आधी खपवून दाखव. मंगळवारी सव्वानऊला लावतो."

"रात्री?"

"सकाळी."

मी ते थिएटरच्या कागदावर लिहून घेतलं आणि खाली शिक्कासुद्धा मारायला लावला. काका हसत होते. माणूस नंतर होणाऱ्या गोष्टीला आधी हसतो, तेव्हा मला फार बरं वाटतं.

मोहिमेआधी मी शास्त्रशुद्ध सर्वेक्षण केलं. घरं साठ, प्रश्न तीन. 'वेगळे सिनेमे आपल्या गावात यायला हवेत का?' हो: अठ्ठावन्न घरं. (एका घरात कुत्रा होता, एक घर बंद होतं.) 'न आल्याबद्दल राग येतो का?' अतिशय: त्रेपन्न. 'आला तर बघाल का?' या प्रश्नाला एकावन्न घरांनी "बघू" असं उत्तर दिलं. त्या वेळी मी ते होकारात धरलं. वय लहान होतं, तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट आहे.

पहिले दोन दिवस मी लोकांना सांगत फिरले, "तिकीट घ्या आणि सिनेमाला या." नऊ तिकिटं खपली. बाकीच्यांची कारणं मी वहीत वर्गवारीने लिहिली आहेत: मंगळवार, सकाळ, गुडघा, सिनेमात गाणी नाहीत, सिनेमात आत्या आहे ("तिला तर आम्ही रोज बघतो, माझा ब्लाऊज अजून दिला नाही तिने"), आणि "मोबाईलवर आला की सांग हं."

तिसऱ्या दिवशी मी मॅनेजरकाकांची अट पुन्हा वाचली. तिकिटं खपली पाहिजेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. खुर्चीत माणूस बसला पाहिजे, असं कुठेही नव्हतं. इतकी सोपी गोष्ट आधी कुणाच्या कशी लक्षात आली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं आणि स्वतःचं थोडं कौतुकही. मी माझ्या वाक्यात एक छोटीशी दुरुस्ती केली:

"तिकीट घ्या. नाही आलात तरी चालेल."

त्या वाक्याने गाव पेटून उठलं म्हणा ना! औषधवाल्या काकूंनी सहा घेतली. बँकेतल्या कॅशियरकाकांनी चार घेतली. "आम्ही घरात चौघं ना!" मी म्हटलं, "म्हणजे येणार?" ते म्हणाले, "छे गं, मंगळवारी कुठलं? पण असं काहीतरी गावात घडत राहिलं पाहिजे." दाताच्या डॉक्टरांनी एक घेऊन फ्रेम करून दवाखान्यात लावलं. 'स्वतंत्र सिनेमाला आमचा पाठिंबा' अशी खाली पट्टी आहे, आणि तिच्याखाली तोंड उघडून पेशंट. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तीस घेतली आणि वार्षिक अहवालात लगेच नोंद केली की नववीला जागतिक सिनेमा दाखवण्यात आला. (त्या वेळेत नववीला गणित होतं.) माझ्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या सख्ख्या भावाने, दोन घेतली. "ऑफिसात मीटिंग आहे. पण ताईला सांग, आपण घेतली म्हणावं." दोन दिवसांत दोनशे तीन तिकिटं गेली. शनिवारी संध्याकाळी मॅनेजरकाकांनी स्वतःच्या हाताने 'हाऊसफुल्ल'ची पाटी काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि मला चहा पाजला.

मंगळवार उजाडला. मी शाळेत पोट दुखत असल्याचं कळवलं होतं. दिग्दर्शकताई आठ तासांचा बसप्रवास करून आली होती (पहिल्या नऊ तिकिटांतलं एक तिने फोनवरूनच घेतलं होतं) आणि त्या पाटीचे फोटो काढत होती. आत्याने स्वतः शिवलेला निळा ड्रेस घातला होता. दुसऱ्यांचे शिवता शिवता तो पुरा व्हायला चार महिने लागले होते. आम्ही दारापाशी आलो. तिथे दारावरचे काका उभे होते. हे काका तिकिटाचा कोपरा फाडतात आणि गेली एकवीस वर्षं त्यांच्या हातून एकही कोपरा वाकडा फाटलेला नाही.

"ताई, तिकीट?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. ज्या बाईचा सिनेमा, तिला तिकीट लागतं हे दोनशे बारा तिकिटं खपवताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अहो, हिचाच सिनेमा आहे!" मी म्हटलं. "पडद्यावर हीच आहे!"

"पडद्यावर असतील. माझं काम खुर्च्यांचं आहे. हाऊसफुल्ल आहे, ताई."

"आत कोण आहे?" आत्याने विचारलं.

काकांनी दार किंचित उघडून प्रामाणिकपणे आत पाहिलं. "तीन माणसं आहेत."

"मग?"

"पण हाऊसफुल्ल आहे."

हे खरंच होतं, त्यात काकांची काही चूक नाही. एकेका खुर्चीला मालक होता, फक्त तो दुसरीकडे होता. मी धडाधड फोन लावले. कॅशियरकाकांचं तिकीट लॉकरमध्ये होतं आणि लॉकर साडेदहाला उघडणार होता. डॉक्टर म्हणाले फ्रेमला सील आहे. बाबा मीटिंगमध्ये होते. आत पडद्यावर जाहिरात संपल्याचा आवाज आला, तेव्हा मी माझं तिकीट आत्याच्या हातात कोंबलं.

"अगं, आणि तू?"

"मला कळलंय त्यात काय आहे. तू जा!"

काकांनी कोपरा फाडला. एकदम सरळ.

तर आत एकूण पाच प्रेक्षक होते. दिग्दर्शकताई, आत्या, निवृत्त पोस्टमनआजोबा (ते चौदा माणसांसाठी आले होते आणि शेवटपर्यंत वाट बघत बसले), आणि एक जोडपं, ज्याची कुठल्याच सिनेमाला हरकत नसते. मी पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी स्टुलावर बसले. दारातून मशीनचा आवाज येत होता. तो आवाज मी लहानपणापासून ऐकलाय, त्याच आवाजात मी पाढे पाठ केलेत. पण दाराआडून तो इतका मोठा येत होता की ज्यात आपल्याला प्रवेश नाही अशा कुठल्या तरी महालात आत्या राहते, असं वाटलं.

एक तास चौतीस मिनिटांनी ती बाहेर आली. डोळे लाल होते. मी स्टुलावरून उठले.

"कसा होता?"

"मान किती खाली घालून काम करते गं मी," ती म्हणाली. "कुणी सांगितलं नाही कधी."

मग नाक पुसून म्हणाली, "आणि 'ग' रांगेत खुर्च्यांची शिवण उसवलीय. माणसं असती तर दिसलं नसतं. उद्या सुई-दोरा घेऊन येते."

थिएटरने या खेळाचा अहवाल तयार केला आहे आणि तो अतिशय उत्साहवर्धक आहे. मागणी: शंभर टक्के. उपस्थिती: दोन पूर्णांक चार टक्के. तक्रारी: एक (पोस्टमनआजोबा). यावरून असा निष्कर्ष निघाला की गावाला वेगळे सिनेमे मनापासून हवे आहेत, आणि ते दाखवण्याची गरज नाही. त्यामुळे यापुढे दर महिन्याला एका स्वतंत्र सिनेमाची तिकिटं विकली जातील आणि त्या वेळेत दिवे, पंखे व पडदा बंद ठेवण्यात येईल. पुढच्या महिन्याचा खेळ हाऊसफुल्ल झालासुद्धा. गावात समाधानाचं वातावरण आहे. पूर्वी सिनेमे येत नाहीत म्हणून लोक चिडायचे. आता ते पाठिंबा देऊन येत नाहीत, त्यामुळे हिशेब फिटतो.

मी मात्र भांडले. 'नाही आलात तरी चालेल' हे वाक्य माझं होतं, म्हणून ते परत घ्यायलाही मीच गेले. मॅनेजरकाका शेवटी कंटाळून म्हणाले, "बरं बाई, आत्याचा सिनेमा येत्या मंगळवारी पुन्हा लावतो. जुनीच तिकिटं चालतील."

हे सगळं वाचताना तुम्ही दोन-तीनदा मान हलवलीत, एकदा "खरंय हो पोरीचं" असंही म्हणालात. तो सूर मी ओळखते, दोनशे तीन वेळा ऐकलाय. म्हणून सांगते, तुमचं तिकीट कुठे हरवलेलं नाही. पाकिटात मागच्या कप्प्यात आहे, घडी घातलेलं, कोपरा शाबूत. 'ग' रांग, खुर्ची अकरा.

आत्याने ती शिवून ठेवली आहे.